राजव्वाला येणारं एक अक्षर

—नाही, नाही, उठू नका नरसय्या, बसा. मुलीचं नाव शाळेतून काढायला आलात, कळलं. सोलापूरला आत्याकडे धाडणार, विड्या वळायला, तेही कळलं. पण माझं ऐकून तर घ्या! राजव्वा, सांग गं वडलांना, सुमतीबाई म्हणतात बसा. आणि आता थांब, माझं पुरं होऊ दे, मग सगळं तेलुगूत सांग, जसंच्या तसं. गिरणीत तुमच्या खात्यातले कामगार सगळे तेलुगू, घरी तेलुगू, मराठी येणार कुठून तुम्हाला? मलाही तुमचा एकच शब्द येतो, तोही हिनंच शिकवलेला—पाटी पुढं केली की रोज मान हलवायची, वद्दु. नको.

मुलगी मठ्ठ नाही हो! आधीच्या तेलुगू शाळेतले म्हणाले, हिच्या तोंडात मराठी फार, म्हणून वाचत नाही. इथं कमलाकांत मास्तर म्हणतात, घरात तेलुगू फार, म्हणून वाचत नाही. जळ्ळं मेलं ते कारण! परवा लालबागच्या मोर्च्यात 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' कुणाच्या आवाजात ऐकू येत होतं? हिच्या! गोष्ट सांगायला लागली की वर्ग चिडीचूप. अडतं ते नुसतं अक्षराशी, मराठी काय नि तेलुगू काय. 'म' आणि 'भ' तिला एकच. काल आलेला 'ब' आज परका. एकच अक्षर कुठंही दिसलं तरी ओळखते, कुठलं? 'ढ'. मास्तरांनी पाटीवर काढून, ती पाटी गळ्यात घालून वर्गभर फिरवलं होतं ना तिला—सांग, तेही सांग, लाजतेस काय!

आता अशा मुलांना शिकवायचं कसं, ते मला तरी कुठं ठाऊक आहे? ट्रेनिंगला कुणी चकार शब्द काढला नाही. मी आपली घरून कणकेची अक्षरं करून आणते—आई ओरडते, अन्नाचा खेळ मांडलायस म्हणून. परवा कणकेचा 'र' चाचपून म्हणाली, बाई, हा माझा. पहिल्यांदा! घरी जाऊन रडले हो मी. आमचा हेरंब असाच होता, माझा धाकटा भाऊ. सगळ्यांनी मठ्ठ मठ्ठ करून घालवला घरातून, आई अजून त्याचं पान वाढते—जाऊ दे, हे नको सांगूस गं. एवढंच सांग, दिवाळीपर्यंत ठेवा हिला माझ्याकडे. हात जोडते.

...झालं? मी इतकं बोलले नि तुझं दोन शब्दांत आटपलं? 'वद्दु' ऐकलं मी. कोण म्हणालं वद्दु? बाई म्हणाल्या? मी? अगं, वर बघ. 'ढ'चं काढलं म्हणून रागावलीस? चुकलं माझं, चुकलं—नरसय्या, अहो नमस्कार कसला करताय, थांबा! मी नको नाही म्हणाले हो! राजव्वा, सांग ना त्यांना. मला नाही गं येत तुमच्यात बोलता.