दोन्या निकानोरा नुसती बसते

नाही, पण मला एक सांगा, नुसतं बसण्याला काम म्हणायचं का? बसतो मीही. वीस वर्षं बसतोय, वाहाका प्रांताच्या डोंगरातल्या आमच्या गावच्या बँडमध्ये, मांडीवर ट्यूबा घेऊन... अंगाभोवती पितळी अजगराने वेटोळं घातल्यासारखं दिसतं ना, ते वाद्य. पण मी बसून फुंकतो तरी! गाल दुखतात, घाम गळतो, लोकांना दिसतं की बाबा, हा माणूस काहीतरी करतोय. आणि ही दोन्या निकानोरा? (दोन्या आम्ही मानाने म्हणतो, तुमच्याकडे बाई म्हणतात तसं.) तुम्हाला सांगतो, मी तोंडावर विचारलं होतं तिला. म्हटलं, "बाई, बाळाला हात लावणार ती सुईण, काही अडलंच तर दारात गाडी उभी आहे, इस्पितळ वीस मिनिटांवर, मग तुम्ही नेमकं काय करणार?" तर म्हणते कशी (आमच्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाला मास्तरच म्हणतात), "मी डूला आहे, मास्तर, बाळंतिणीची सोबतीण. मी तिच्याजवळ बसणार."

बसणार म्हणे.

तिला बोलावलं झेनाइदानं, माझ्या बायकोनं. त्याचं असं झालं, पहिल्या खेपेला शहरातल्या मोठ्या इस्पितळात बारा तास ती एकटी होती. मी फाटकाबाहेर, सासूबाई फाटकाबाहेर, आत कुणी म्हणजे कुणी नाही, शेवटी पोट कापलं आणि मुलगा झाला. मुलगा छान आहे हो, चार वर्षांचा झालाय, शेजारच्या बकरीच्या शेपटीला डबे बांधतो. पण त्या दिवसाबद्दल झेनाइदा आजवर एकच वाक्य बोललीय. "छताला छप्पन्न फरश्या होत्या." एवढंच. मी विषय काढला की छप्पन्न फरश्या, आणि पाठ फिरवून झोपायची. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा म्हणाली, "गिल्दो, डॉक्टर म्हणतात या वेळी नीट होईल. कापावं लागलं तरी चालेल मला. पण एकटी ठेवू नका." मी छाती काढून म्हटलं, "मी आहे की!" तर म्हणते, "तू? आपल्या लग्नात अंगठी घालताना घेरी येऊन पडलेला माणूस तू."

आणि तिने निकानोराला निरोप धाडला.

झालं. गुरुवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, सकाळी सातला कळा सुरू. सुईणीच्या घरी आम्ही पोचलो आणि मी काय केलं असेल? बँड घेऊन गेलो. हसू नका! आमच्या गावात बारसं बँडशिवाय होत नाही, लग्न होत नाही, मेलेला माणूससुद्धा बँड येईपर्यंत घरातून निघत नाही, मग माझ्या लेकराने काय मुकाट यायचं? बारा जण, वाद्यं घासूनपुसून लख्ख, अंगणात अर्धगोल करून उभे. सुईण दोन्या अंपारो बाहेर आली, कमरेवर हात. "ढोलावर एक टिपरू पडलं ना, तर आधी ढोलवाल्याला बाळंत करीन." ढोलवाला खरंच दोन पावलं मागे सरकला.

आणि निकानोरा? ती भांडली नाही. मला म्हणाली, "मास्तर, यांना सावलीत बसवा. खिडकीखाली. वाद्यं भिंतीशी." सासूबाई आत येऊन रडतायत, नवस बोलतायत, दर कळेला "गं माझी लेक, आता कसं गं होणार" चाललंय, तर त्यांना हळूच म्हणते, "दोन्या पेत्रा, तिला तुमच्या हातची मक्याची पेज हवीय. आणि बाहेर बारा माणसं उपाशी आहेत." गेल्या सासूबाई चुलीकडे, एकदम सेनापती झाल्या. मला सांगितलं, "तुम्ही तिला पाणी द्यायचं. कळ गेली की एक घोट. विसरायचं नाही." आणि स्वतः काय केलं? काही नाही. बसली.

म्हणजे... बसली म्हणजे, झेनाइदाच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळवे तिच्या कमरेवर दाबून धरले. कळ आली की दाब, गेली की सैल, आली की दाब. मला वाटलं, एवढंच ना? म्हटलं, "द्या इकडे, मी करतो." तिसऱ्या कळेला माझी मनगटं गेली. ट्यूबा उचलणारी मनगटं ही! ती परत बसली. आठ वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. पाणी प्यायली नाही, उठली नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. झेनाइदा चिडली, शिव्या घातल्या, मला घातल्या, तिला घातल्या, माझ्या वडिलांनाही घातल्या, ते वारून सहा वर्षं झाली. ही म्हणते, "हो. आहे मी." दर वेळी तेवढंच. "आहे मी."

बारा वाजता बिनसलं. सुईण बाळाचे ठोके ऐकून म्हणाली, "बाळ मजेत आहे, बाई पण ठीक आहे." पण झेनाइदाचा आवाज बदलला हो. वर चढायला लागला. बारीक, तारेसारखा. आणि तिचे डोळे... वर गेले. छताकडे. मी बघितलं, ती मोजत होती. ओठ हलत होते तिचे. आमच्यात होती आणि नव्हती. ती तिकडे निघाली होती, त्या फरश्यांखाली, जिथे मला फाटकातून कुणी सोडलं नव्हतं.

निकानोरा पुढे आली. कपाळाला कपाळ लावलं. आता हिला छत दिसणारच नाही, दिसणार तर निकानोराचे डोळे. आणि जबडा सैल सोडून खालच्या आवाजात सूर लावला, "ओऽऽऽ". म्हणाली, "वर नको जाऊ, बाळ खाली यायचंय. आवाज खाली आण. माझ्याबरोबर." पण पाच तास बोलून-बोलून तिचा घसा बसलेला, सूर फाटला. तेव्हा मान न वळवता म्हणते, "मास्तर, तुमचा सगळ्यात खालचा सूर द्या."

मी उठलो ट्यूबा आणायला.

"वाद्य नको. तुम्ही."

तुम्हाला सांगतो, वीस वर्षं मी त्या अजगराच्या आड बसलोय. त्याच्याशिवाय काय देणार मी? तोंड उघडलं, नुसती हवा. पुन्हा उघडलं. आला एकदाचा सूर, थरथरत, खरजातला. आणि खिडकीखाली... अहो, आमच्यात ट्यूबाने सूर धरला की बाकीच्यांनी यायचं, सवयच आहे, झोपेत पण येतील. बारा गडी, तोंडात पेज, हातात काही नाही, आले माझ्या सुरात. "ओऽऽऽ". भिंतीतून यायला लागला तो आवाज, जमिनीतून यायला लागला, आणि झेनाइदाचा आवाज एकेक पायरी उतरत आमच्यात येऊन मिसळला. डोळे खाली आले. माझ्याकडे बघितलं तिने. "गिल्दो, तू पडला नाहीस?"

अडीच वाजता मुलगी झाली. मी रडलो, ढोलवाला माझ्यापेक्षा जास्त रडला.

नंतर बघितलं तर निकानोरा कोपऱ्यात, बोटं वाकडीच राहिलेली, एकेक करून सरळ करतेय. उभं राहवेना, गुडघ्यांवर चटईची वीण उमटलेली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "दोन्या, काय केलंत हो तुम्ही?" म्हणाली, "काही नाही. तिनेच केलं सगळं. मी बसले होते." आणि मला, फुंकणाऱ्या माणसाला, त्या बसण्यापुढे मान वर करवेना. संध्याकाळी झेनाइदाला विचारलं, "सुईणीकडचं छत कसं होतं गं?" ती बाळाला पाजत होती. म्हणाली, "छत होतं का?"

आता माझी अवस्था ऐका. गावात ही गोष्ट पसरली. कुणाला कळा सुरू झाल्या की निकानोराचा निरोप येतो, "मास्तरांना पाठवा, वाद्य नको." बँडमास्तर म्हणतो, "वीस वर्षांत तुला एकट्याला कुणी बोलावलं नाही, आता बोलावतात तर ट्यूबा घरी ठेवून." मी जातो. खिडकीखाली पाच-सहा तास. हाक आली तर सूर देतो, पण बहुतेक वेळा हाक येतच नाही. परवा आलो घरी, पाठीचा खुळखुळा झालेला. झेनाइदाने विचारलं, "काय केलंस एवढा वेळ?"

म्हटलं, काही नाही. बसलो होतो.