सतरा नंबरच्या पेट्या

वनमाला: आधी तो भिंतीवरचा माझा फोटो उतरवा, मॅडम. मग बाकीचं बोलू.

जान्हवी: अहो वनमालामावशी, फोटो लागावा म्हणून लोक धडपडतात! अख्ख्या मसाल्याच्या कारखान्यात गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त पेट्या तुम्ही भरल्यात. महिन्याच्या सर्वोत्तम कर्मचारी आहात तुम्ही. आणि फोटो काय गोड आलाय!

वनमाला: गोड कसला. रेशनकार्डावरची बाई दिसतेय.

जान्हवी: शुक्रवारी हेड ऑफिसचे सर येतायत. तुमच्या हातात माइक देऊन विचारणार, एवढं काम कसं जमलं.

वनमाला: तेच तर! काय सांगू मी त्यांना? मी नव्हतेच म्हणून?

जान्हवी: कुठे नव्हता?

वनमाला: इथे. पॅकिंगच्या टेबलावर. आमच्या ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना. अकरा दिवस वाकोल्याला हॉस्पिटलात होते. भेटायची वेळ चार ते सहा. गोरेगावाहून वेळेत पोचायचं म्हणून मी साडेतीनलाच निघायचे.

जान्हवी: शिफ्ट तर साडेपाचला सुटते. रजा टाकायची ना!

वनमाला: रजा उरलीय कुठे? सगळी गणपतीत गावी गेली.

जान्हवी: आणि सुपरवायझर? भीमराजभाऊंनी सोडलं तुम्हाला? ते तर पाच मिनिटं उशीर झाला तरी घड्याळ दाखवतात.

वनमाला: बरोबर साडेतीनला त्यांना पलीकडच्या भिंतीवर काहीतरी दिसायचं. मी जाईपर्यंत तिकडेच बघत बसायचे. त्यांना काही बोलू नका हां, तुमच्या पाया पडते.

जान्हवी: पण मग पेट्या कुठून आल्या? भरणारीच्या नंबरची चिठ्ठी प्रत्येक पेटीत असते. सतरा नंबरच्या चिठ्ठ्या मी स्वतः मोजल्यात.

वनमाला: सतरा नंबर माझाच. हात माझे नव्हते. शेजारची कमळ स्वतःच्या पेट्यांत माझी चिठ्ठी टाकायची, माझा आकडा कमी पडू नये म्हणून.

(दार ढकलून कमळ आत येते.)

कमळ: ओकलीस ना सगळं? वाटलंच मला. मॅडम, जे काय बोलायचं ते मला बोला. वेसाव्याची कोळीण आहे मी, मला बोललेलं लागत नाही. हिला लागतं. चार दिवस जेवणार नाही मग.

जान्हवी: बसा, कमळताई. किती पेट्या टाकल्यात तुम्ही यांच्या नंबरवर?

कमळ: रोजच्या दहा.

जान्हवी: दहाच?

कमळ: दहा म्हणजे दहा. लहानपणापासून आयशीबरोबर बाजारात मासळी मोजलीय, मोजण्यात नाही चुकायची मी.

जान्हवी: मग हे बघा. मावशींच्या एरवी दिवसाला चाळीस पेट्या होतात. दोन तास लवकर गेल्या म्हणजे तीस. तुमच्या दहा धरून पुन्हा चाळीस. पण त्या अकरा दिवसांत रोज सत्तर आहेत.

कमळ: सत्तर? राक्षस आहे की काय ही!

वनमाला: कमळ, तू तीस-चाळीस टाकत होतीस?

कमळ: तुझी शपथ, दहाच. माझंही पोट आहे ना गं... थांब. आमच्याच टेबलावरच्या कल्पिताच्या पेट्या त्या दिवसांत कमी पडायच्या. मी विचारलं तर म्हणाली, मान दुखते.

वनमाला: मान तर गंधालीचीपण दुखत होती.

कमळ: दोघींची एकदम? अकराच दिवस?

वनमाला: अगो बाय! त्यांनीपण टाकल्या?

जान्हवी: दोघींच्या दहा-दहा धरल्या तर वीस. अजून दहा राहतात.

कमळ: टेबलावर आम्ही चौघीच. पाचवं कोण... ए वनमाला, भीमराजभाऊ जेवणाच्या सुट्टीत आपल्या टेबलापाशी काय करत बसायचे?

वनमाला: मला म्हणाले, वजनकाटा तपासतोय.

कमळ: रोज? डबा बाजूला ठेवून?

जान्हवी: भीमराजभाऊसुद्धा!

कमळ: एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपणच एकटे. आणि जी रोज दोन तास गायब, ती आली पहिली! काय वाट लावलीय आपण.

वनमाला: मला कुणी बोललं कसं नाही गो? मी तिकडे बाकड्यावर बसून म्हणायचे, आपलं माणूस म्हणावं असं मुंबईत कोण आहे आपल्याला.

कमळ: रडू नको. पदर घे. मॅडमसमोर रडतेस काय?

जान्हवी: रडू द्या त्यांना. पण मला एक सांगा. मी फॉर्म भरून घेतले होते, कामाच्या जागी तुमची कुणी मैत्रीण आहे का. चौघींनी ‘नाही’ लिहिलंत. सगळ्या कारखान्याने ‘नाही’ लिहिलं. म्हणून तर मी हेड ऑफिसला कळवलं, इथे कुणाचं कुणाशी जमत नाही, बक्षीस ठेवूया.

कमळ: ‘आहे’ कोण लिहिणार? तुमच्या आधीच्या साहेबांनीपण असंच गोड गोड विचारलेलं. आम्ही ‘हो’ म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी चौघी चार टेबलांवर. म्हणे गप्पा मारता. परत एकत्र यायला दोन वर्षं लागली.

वनमाला: म्हणून तर आले, मॅडम. शुक्रवारी माइकवर मी खोटं बोलले तर मला जेवण जाणार नाही, आणि खरं बोलले तर साहेब लोक आमचं टेबल मोडतील. फोटो काढा, बक्षीस घ्या, मला मेमो द्या. टेबल तेवढं मोडू नका.

जान्हवी: नाही मोडणार.

कमळ: सरांना काय सांगणार मग?

जान्हवी: मोजणी चुकली म्हणून सांगेन. चुकलीच आहे की माझी.

कमळ: तुमची नोकरी पक्की व्हायचीय ना अजून?

जान्हवी: पुढच्या महिन्यात. सर चिडतील, पहिलीच योजना माझी. चिडू देत. लोकांना इथे आपलं वाटावं म्हणून ठेवलंय मला, आणि काका एवढे आजारी होते ते मला आज कळतंय. आत्तासुद्धा पेट्याच मोजत बसले. कसे आहेत ते?

वनमाला: बरे आहेत. तळलेली सुरमई मागतात. डॉक्टर नको म्हणतात, तर माझ्यावर रुसतात.

जान्हवी: भेटायला येऊ मी रविवारी?

वनमाला: विचारतेस काय, ये ना. शुक्रवारी साहेब किती वाजता येतात?

जान्हवी: अकराला. का?

वनमाला: तू आत जाशील तेव्हा आम्ही चौघी येऊ. भीमराजभाऊंनापण आणू. काही बोलणार नाही, नुसत्या उभ्या राहू.

जान्हवी: नको मावशी. चूक माझी, ओरडा मी खाईन.

वनमाला: एकटीने? आमच्या टेबलावर तशी पद्धत नाही गो.