बार्जीवरच्या दहा गोष्टी

कृष्णनाथ : सातवं कलम परत वाच. सावकाश.

सेजल : "मजकुराचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे कंपनीकडे राहतील." काका, सही केली तेव्हा मी एवढंच बघितलं की गोष्टी लोक मोबाइलवर ऐकणार.

कृष्णनाथ : ह्यात छापील पुस्तकही आलं, बाय. वर्तमानपत्रात चाळीस वर्षं गेली माझी, असले कागद पुष्कळ बघितले. त्यांना विचारलंस?

सेजल : दोनदा. पुस्तक काढायची परवानगी मागितली. बाबांनी नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जीवर तीस वर्षं काढली, मुरगाव बंदराच्या फेऱ्यांच्या ह्या गोष्टी त्यांनीच मला सांगितल्या, हेही लिहिलं. मोठ्या अदबीनं नाही म्हणाले.

कृष्णनाथ : आणि नाव? लेखकाचं नाव देण्याबद्दल कुठंच काही दिसत नाही.

सेजल : दिलंच नाही. वाचणाऱ्या नटाचं तेवढं आहे.

(कृष्णनाथ चष्मा काढून कागदावर ठेवतो.)

कृष्णनाथ : हा कागद सहीच्या आधी आणायचा होतास. धारगळहून डिचोली काय लांब आहे?

सेजल : कागद कुणाला दाखवायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. चांगलं लिहिता आलं की झालं, असं वाटायचं.

कृष्णनाथ : लिहून घे. फक्त ऐकवण्यापुरतं, तीन वर्षांसाठी, लेखकाच्या नावासह. पुढच्या वेळी एवढं मागायचं. नाही म्हणाले तर उठून यायचं.

सेजल : घेतलं. पण पुढच्या वेळी देऊ काय? बाबांना आता जुनं फारसं आठवत नाही. होतं ते त्या दहा गोष्टींत गेलं.

कृष्णनाथ : बाबलीला, तुझ्या बापाला, हे कळलंय?

सेजल : परवा शेजारच्या रेश्मानं त्यांना पहिली गोष्ट ऐकवली. बार्ज कलंडली आणि त्यांनी सोबत्याला केसांना धरून वर ओढलं, ती. नट "माझे वडील, माझे वडील" म्हणत होता. बाबा पेजेचा वाडगा बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसले.

कृष्णनाथ : मग?

सेजल : मग मला विचारलं, "ह्येचो बापूस पण आमच्याच बार्जीर होतो गो?"

कृष्णनाथ : तू काय सांगितलंस?

सेजल : होय म्हटलं.