बारा दिवसांच्या गोळ्या

(डिसेंबर १९७७. दौंडच्या अलीकडे, पाटस स्टेशनाजवळ रेल्वेच्या गँगमन लोकांच्या खोल्यांची एक रांग. त्यातल्या शेवटच्या खोलीत गँगमन चांगदेव आणि त्याची बायको सोजराबाई. पुण्याच्या दवाखान्यातून चौकशीला आलेल्या ललिताबाई सतरंजीवर बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवरच्या छापील फॉर्मावर नाव आहे: रंभा, वय वीस, आजार फेफरं.)

चांगदेव : म्हंजी तुमाला कुणी कळवलंच न्हाई?

ललिता : नाही हो. बारा तारखेला रंभाची तपासणी होती. ती आली नाही म्हणून मी कार्ड टाकलं.

चांगदेव : कार्ड आलं. 'पेशंटला घेऊन यावे.' कुणाला घिऊन येऊ? दीड म्हैना झाला तिला जाऊन.

सोजराबाई : आठ नवंबर. मंगळवार व्हता. दिवाळी तीन दिसांवर आली व्हती.

ललिता : अरे देवा, सोजराबाई. इथे येईपर्यंत मी गाडीत तिच्यासाठी प्रश्न काढत होते.

सोजराबाई : इचारा की. मी सांगते.

ललिता : आज नको. मी पुन्हा कधीतरी येईन.

सोजराबाई : पुन्यांदा कशाला? आलाय तर इचारून घ्या. आमी काय कुटं जात न्हाई.

चांगदेव : मी सांगतो काय लिवायचं ते. तुमच्या दवाखान्याच्या गोळ्या पिठाच्या व्हत्या. त्या खाऊन माझी पोर मेली. लिवा.

ललिता : पिठाच्या नव्हत्या हो, चांगदेवमामा.

चांगदेव : मग डाक्टरसायबालाच ठावं न्हाई आत काय हाय, असं का? पयल्या दिशीच तुमी सांगितलं व्हतं. मी तितंच व्हतो. बाटलीवर औषधाचं नाव न्हाई, नुसता नंबर. एक्केचाळीस.

ललिता : सांगितलं होतं, कारण ते लपवायचं नव्हतं. औषधं दोन आहेत. एक जुनं, वर्षानुवर्षं देतात ते. दुसरं नवं. कुणाला कुठलं मिळालं, ते पेशंटला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. नाहीतर डॉक्टरांना जे आवडतं तेच बरं दिसायला लागतं. पण दोन्ही खरीच औषधं आहेत.

चांगदेव : आंधळी कोशिंबीर नुसती. आमच्या पोरीवर.

ललिता : अकरा महिने तिला एकही फीट आली नव्हती, मामा. त्याआधी आठवड्याला दोन-दोन यायच्या.

सोजराबाई : तीन बी यायच्या. बारा वर्साची असल्यापास्नं. चुलीपाशी बसवत नव्हते मी तिला. हिरीवर धाडत नव्हते. दोन अंगारेवाले झाले, एक कोंबडं झालं, मग दौंडच्या रेल्वे डाक्टरनं चिठ्ठी दिली पुण्याची. आन् तुमच्या गोळ्या सुरू झाल्या आन् थांबलं. वैशाखात लगीन लावलं.

ललिता : न्हावऱ्याला दिली होती ना?

सोजराबाई : व्हय. शिरूरच्या रस्त्याला. जावई चांगला हाय. मच्छिंद्र. दारू न्हाई, काय न्हाई. सासू तेवढी तोंडाची हाय, गिताबाई, पर उपाशी ठेवणारी न्हाई.

ललिता : शेवटचा दिवस कसा झाला, सांगाल का? डॉक्टर मला विचारतील.

सोजराबाई : सकाळी भाकरी थापत व्हती. एकदम हात ताठ झाले. पडली. गिताबाईनं कांदा हुंगवला, वहाण हुंगवली. ती थांबली तवर दुसरी आली. मग तिसरी. मधी सुद्दीवर आलीच न्हाई. त्यांना वाटलं बाहेरचं हाय. मळ्यातनं कुणा भगताला आणला. त्यानं दुपारपत्तोर लिंबाचा पाला फिरवला अंगावर. मग मच्छिंद्रनं कुणाची तरी जीप आणली. शिरूरच्या दवाखान्याच्या पायरीवर गेली.

ललिता : म्हणजे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, की तिला हा आजार आहे?

सोजराबाई : न्हाई.

ललिता : लग्नाआधी मी तुम्हाला म्हटलं होतं...

सोजराबाई : म्हणला व्हता. नवऱ्याला तरी सांगून ठिवा म्हणला. मी व्हय म्हणले. सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर लगीन झालं नसतं.

चांगदेव : आता ते कशाला उकरून काढता? सांगितलं न्हाई म्हणून मेली का ती? गोळ्या खात व्हती न् मेली. फारमावर तेवढं येऊ द्या.

ललिता : मामा, ते मला नीट पाहूनच लिहावं लागेल. माझ्यासाठी नाही. 'गोळ्या चालू असताना गेली' असं मी लिहिलं, तर मोठे डॉक्टर तिच्या नंबराचं बंद पाकीट फोडून बघतील, कुठलं औषध होतं ते. ते नवं असेल तर थांबवतील. आज त्या औषधावर तेवीस जण आहेत. कोण ते मलाही ठाऊक नाही, पण त्यांत केडगावची एक मुलगीही असेल, आता कुठे शाळेत जायला लागली आहे.

चांगदेव : आन् माझी पोर?

ललिता : तिचं मी काहीच करू शकत नाही. खरं ते लिहिणं, एवढंच राहिलंय.

सोजराबाई : काय काय लागतं तुमाला, बाई?

ललिता : उरलेल्या गोळ्या असतील तर बघायच्या आहेत. सप्टेंबरच्या बारा तारखेला तीन महिन्यांच्या दिल्या होत्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकशे ऐंशी.

चांगदेव : गोळ्या न्हाईत. टाकून दिल्या.

सोजराबाई : टाकल्या न्हाईत. फळीवर हायेत, ज्वारीच्या डब्यामागं. देते.

चांगदेव : अगं, कशाला? बस खाली.

सोजराबाई : ही घ्या. बाटली हितंच असायची, बाई. न्हावऱ्याला बाटली नेली असती तर सासूनं इचारलं असतं. म्हणून मीच दर पंधरा दिसांनी जायची. पाटसवरनं दौंड, दौंडवरनं एस्टी. फडक्यात तीस गोळ्या बांधून. कंबरदुखीच्या गोळ्या हायेत, असं सांगितलं व्हतं तितं.

ललिता : मी मोजते.

चांगदेव : मोजू नका, बाई. मोजून काय पोर उठून बसणार हाय का?

सोजराबाई : मोजू द्या त्यांना.

ललिता : ...अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. पुन्हा एकदा मोजते.

सोजराबाई : नव्वदच हायेत. मी बी मोजल्यात. रोज मोजते.

ललिता : सोजराबाई, आठ नोव्हेंबरला सहासष्ट उरायला हव्या होत्या.

सोजराबाई : मला ते गणित येत न्हाई. मी येगळं मोजते. ह्या बाटलीतनं तीनदा घिऊन गेले न् चवथ्यांदा गेले न्हाई. बारा दिस तिच्याजवळ गोळी नव्हती.

चांगदेव : अगं, काय बोलतीस तू?

सोजराबाई : जे झालं ते बोलते. गिताबाई म्हणली व्हती, याहीनबाई, पोरगी दिली का उसनी दिलीया? दर पंधरवड्याला दारात हायेच. चार बायका हसल्या. मला लाज वाटली. म्हणलं, दिवाळीला तर पोर माहेरी येणारच हाय. बारा-पंधरा दिसांचा तर परश्न. आन् खरं सांगू, बाई? मला वाटलं, बरी झाली. अकरा म्हैने काय आलं न्हाई तर आता कशाला येतंय? गोळीनं तिला झोप यायची, डोकं जड व्हायचं. सासू आळशी म्हणायची. म्हणलं, सुटंल त्यातनं बी.

ललिता : फीटच्या गोळ्या अशा एकदम बंद झाल्या की आजार दुप्पट जोरानं उसळतो. मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, ते आता मलाही आठवत नाही. सांगितलंच असेल. सगळ्यांना सांगते.

सोजराबाई : सांगितलं असंल. ध्येनात ऱ्हायलं न्हाई.

ललिता : तुम्ही हे कुणाजवळ बोलला होता?

सोजराबाई : न्हाई. ह्यांनी गोळ्या पिठाच्या, गोळ्या पिठाच्या लावलंय, ते ऐकत बसते. पयल्यांदा रडू यायचं. आता काय येत न्हाई. काल भाकरी करताना हात भाजला तर उशिरा कळलं.

ललिता : बघू हात. अहो, हा फोड फुटलाय. दौंडला दाखवून घ्या.

सोजराबाई : असू द्या.

ललिता : मामा, सोजराबाईंवर रागावू नका. त्यांनी मुद्दाम...

चांगदेव : मी कशाला रागवू तिच्यावर?

ललिता : तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, म्हणून म्हटलं.

चांगदेव : मला ठाऊक व्हतं.

सोजराबाई : काय ठाऊक व्हतं?

चांगदेव : गोळ्या संपल्यात, हे. मच्छिंद्र भेटला व्हता दौंडच्या बाजारात. ती जायच्या आधी चार-पाच दिस. म्हणला, मामा, रंभा म्हणती कंबरंच्या गोळ्या संपल्यात, आईला निरोप द्या. लई घाई करतीया म्हणला.

सोजराबाई : तिनं निरोप धाडला व्हता?

चांगदेव : व्हय.

सोजराबाई : मला सांगितलं न्हाई तुमी.

चांगदेव : त्या दिशी लायनीवर मोठ्ठं काम निघालं. पाच तास घण मारत व्हतो. घरी आलो न् जेवून पडलो. दुसऱ्या दिशी आठवलं, पर तवा ड्यूटीवर व्हतो. म्हणलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी गेलं डोक्यातनं. मंगळवारी सांच्याला न्हावऱ्याचा माणूस सायकलवर आला, तवा एकदम आठवलं. तो दारात उभा ऱ्हायला, अजून काय बोलला बी नव्हता, तवाच आठवलं.

सोजराबाई : घाई करतीया म्हणला?

चांगदेव : तिला समजलं असंल. फेफरं येण्याआधी तिला कायतरी समजायचं ना, जीभ जड व्हते म्हणायची.

सोजराबाई : मुंग्या येतात म्हणायची. बोटांत.

ललिता : मामा, म्हणून तुम्ही...

चांगदेव : म्हणून पीठ म्हणत व्हतो. चावडीवर म्हणलो, गँगमदी म्हणलो. मुकादम म्हणला, केस कर दवाखान्यावर. म्हणलं करतो. बोलत ऱ्हायलं की बरं वाटतं. बोलून थांबलो की मच्छिंद्रचा आवाज येतो कानात.

ललिता : थोडं पाणी घेता का?

चांगदेव : नको. तुमी लिवा. गोळ्या संपल्या, पोरीनं निरोप धाडला, बाप इसरला. असं लिवा.

सोजराबाई : असं कसं? न्यायचं काम माझं व्हतं. आई गेली न्हाई, असं लिवा.

चांगदेव : निरोप मिळाला असता तर गेली असतीस.

सोजराबाई : निरोप कशाला लागतो? आईला ठाऊक नव्हतं का किती दिल्यात ते?

ललिता : ऐका. दोघंही ऐका. हे बघा, फॉर्मावर इथे एकच ओळ आहे. 'औषध थांबले असल्यास कारण'. त्यात कुणाचं नाव लिहायचं नसतं. मी लिहिते, 'गोळ्या बारा दिवस बंद. पुरवठा पोचला नाही.' एवढंच.

चांगदेव : पुरवठा.

ललिता : तसंच लिहायची पद्धत आहे.

चांगदेव : आमच्या लायनीवर खडी पोचली न्हाई की असंच लिवतात.

सोजराबाई : मग त्या केडगावच्या पोरीच्या गोळ्या बंद करणार न्हाईत ना?

ललिता : नाही. या कारणानं तरी नाही.

सोजराबाई : तिच्या आईला सांगा, बाई. फॉर्मात नसलं तरी सांगा. लाज वाटली तरी जायचं म्हणावं. माझं नाव सांगून सांगा.

ललिता : सांगते. या उरलेल्या गोळ्या मला घेऊन जाव्या लागतील.

सोजराबाई : न्या.

ललिता : बाटली हवी तर ठेवा. मी गोळ्या पाकिटात घालते.

सोजराबाई : बाटली बी न्या. मोजायला काय ऱ्हायलं न्हाई तर बाटली कशाला?

चांगदेव : पावणेपाचची गाडी हाय पुण्याची. मी येतो स्टेशनापत्तोर.

ललिता : आता एवढंच शेवटचं. हे सगळं खरं सांगितलं म्हणून खाली घरच्या एका माणसाची सही लागते.

चांगदेव : आणा हिकडं. मला सही येती. कुटं, हितं?

ललिता : हो, त्या रेघेवर.

चांगदेव : झाली.

सोजराबाई : बाई, शाईचं पॅड आणलंय ना तुमी?

ललिता : आणलंय. पण एकच सही पुरते, सोजराबाई. दुसरीला जागाच नाही ठेवलेली.

सोजराबाई : माझा अंगठा त्यांच्या सहीवरच उठवा. मला वाचता कुटं येतंय.