नळदुर्गला जायचं राहिलं

नाही, पण मी विचारतो, माणसानं म्हातारपणाची तजवीज वेळेवर करणं हा गुन्हा आहे का? नाही ना? मग मला झोप का लागत नाही? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं कळंबहून शेजारच्या तालुक्यातल्या वाशीच्या शाळेत जाऊन मराठी शिकवलं आणि पहिल्या पगारापासून निवृत्तीची तरतूद केली. भविष्य निर्वाह निधी झाला, विमा झाला, पोस्टातली आवर्ती ठेव झाली... आमचा विमा एजंट अमरसिंह चारचौघांत माझा दाखला द्यायचा, "ज्ञानोबा सरांकडून शिका जरा! रिटायर झाल्यावर ह्यो माणूस कुणापुढं हात पसरायचा न्हाय!" नियोजनात चूक नव्हती हो माझ्या, तिळमात्र चूक नव्हती!

बरं, मी काय नोकरीला विटलेला होतो? छे! खडू हातात घेतला की अंगातला शीण उतरायचा. आणि त्याहून सुख म्हणजे जाण्यायेण्याचा रस्ता. विज्ञानाचे धम्मपाल सर आणि मी, दोघांत एक मोटारसायकल, त्यांची, पेट्रोल निम्मं-निम्मं. पुढं ते, मागं मी, मधे दोघांचे डबे, आणि शाळा येईपर्यंत अखंड वाद! ते वाऱ्यावर ओरडायचे, "ओ सर, इंद्रधनुष्य म्हणून पोरांना फसवू नका! ते अख्खं वर्तुळ असतंय, आपल्याला अर्धंच दिसतंय!" मी मागून ओरडायचो, "दिसतं तेवढ्यालाच नाव देतात, सर!" "मग तुमच्या मराठीला चष्मा लावा!" असा रस्ता... तो माझ्या हिशेबाच्या कुठल्या वहीत होता? कुठल्याच नाही. फुकट होता ना, म्हणून मांडला नाही.

तर हे धम्मपाल सर दर पावसाळ्यात, बोरी नदी भरली की, शिक्षकखोलीच्या दारातूनच आरोळी ठोकायचे, "सर, नर-मादी सुटलेत! रविवारी नळदुर्ग! भाकरी बांधून घ्या!" नर-मादी म्हणजे किल्ल्यातले दोन धबधबे, बंधाऱ्यावरून जोडीनं कोसळणारे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, आत उभं राहिलं की डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा. मी ऐकून आहे. कारण मी दरवर्षी काय म्हणायचो? "निवृत्तीनंतर, सर." पेट्रोल, चहापाणी, तिकीट यांचा आकडा मनात मांडूनच म्हणायचो. ते हसायचे, "तुमी व्हाल हो निवृत्त, नदीचं काय? आपल्याकडं तिची वाहायची तरी खात्री हाय का?" एकोणीस वर्षं विचारलं त्यांनी. एकोणीस वर्षं मी पुढं ढकललं, आणि ते एकटेच जाऊन आले. नियोजनात चूक नव्हती ना!

मग एकदा येरमाळ्याच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली, मागं वळून म्हणाले, "सर, शाळा कोणत्या हाताला?" मी खदखदा हसलो... मला वाटलं, थट्टा करतायत! पुढच्या महिन्यात एकच धडा एका वर्गावर तीन दिवस शिकवला, पोरंही हसली. मग हसायचं थांबलं. मग औषधं, मग सक्तीची रजा, मग त्यांची सेवापूर्ती घरातल्या घरात. मी एसटीनं जाऊ लागलो. शेजारी रोज कुणीतरी नवा माणूस, वाद घालायला एक नाही.

गेल्या जूनमध्ये मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि खात्यात अगदी ठरल्याप्रमाणं रक्कम! परवा बोरी भरल्याचं कळलं. मी मोटार ठरवली, होय, मी, अख्खी मोटार! आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. संघप्रिया वहिनी म्हणाल्या, "न्या भाऊजी, पण कुणाला वळखत न्हायत हो. सकाळी मला म्हणाले, बाई, तुमी कुण्या गावच्या?" मी चाचरत विचारलं, औषधपाण्याला काही लागलं तर... "पैशाची फिकीर न्हाय. त्यांनी समदं करून ठिवलंय. तुमच्यासारखंच, दर महिन्याला." ऐकलंत? माझ्यासारखंच! म्हणजे या माणसानं शिल्लकही टाकली आणि दर वर्षी धबधबाही पाहिला! एवढ्याच पगारात! मग माझं नेमकं कुठं... नाही, नियोजनात चूक नव्हती. आकडे तपासून बघा कुणीही.

पोचलो. पाणी महालाच्या पायऱ्या त्यांना धरून उतरवल्या. समोर ते कोसळणारं पाणी, अंगावर तुषार, आणि धम्मपाल सर... अहो, काय हसले! दोन वर्षांत चेहऱ्यावर न दिसलेला माणूस तेवढ्यापुरता परत आला. माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, ओळखलं! आता म्हणतील, "आलात का एकदाचे!" त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि पाण्याच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "पाव्हणं, लई उपकार झाले तुमचे! आमच्या शाळंत एक सर हायत, मराठीचे. भलता चिकट माणूस! पण जीव हाय माझा त्यांच्यावर. त्यांना हे दावायचं राहिलंय. तुमी कळंबकडचेच न्हवं? भेटले तर तेवढा निरोप देताल का?"



"देतो," म्हटलं, "हल्ली ते रिकामेच असतात."