गळ्याचं निमित्त

मंडळी, ऐका! घरात एक माणूस अंथरुणावर, दुसरं त्याचं सगळं करणारं. आजाऱ्याला बघायला लोक येतात, फळं आणतात. करणाऱ्याला बघायला कोण येतं? — माना का खाली घालता? उत्तर मलाही येत नाही!

आजचं आख्यान पुराणातलं नाही, माझ्या घरातलं आहे. आईच्या शेवटच्या साध्या दिवसाचं.

बुधवार होता. आईचं अर्धं अंग लुळं पडून चार वर्षं झालेली. चार वर्षं मी एक कीर्तन केलं नव्हतं. का? तर गळा बसलाय! मीच तसं सांगत होते. आईमुळे येत नाही म्हटलं, तर तिच्याकडे बोट गेलं असतं. मग काय — गावोगावहून ज्येष्ठमध यायला लागलं! खडीसाखर, काढे! वाण्याचं दुकान निघालं असतं घरात! हसा, हसा. दुखत होती पाठ, आणि औषध येत होतं घशाला.

तर त्या बुधवारी दारात कोण? हे माझ्यामागे पेटीवर बसलेत ना, ते अच्युतकाका! सोबत कुमुदकाकू — त्या काय, समोरच बसल्यात! मी लगेच कुजबुजले, "या, बसा."

तेवढ्यात आतून आई — "अगं, कूस बदल ना माझी! किती वेळ?"

आणि मी विसरले! खणखणीत ओरडले, "आले गं! दोनच हात आहेत मला!"

झालं! काकांचा कान पेटीवाल्याचा. म्हणाले, "ताई, सूर तर जागेवर आहे की!"

मी लगेच खोटं खोकून दाखवलं. पण काकूंना सगळं कळलं. म्हणाल्या, "उद्यापासून दुपारी मी बसते आईंपाशी. तू तासभर पड."

मंडळी, इतकं सोपं होतं! आणि मी काय म्हणावं? "छे हो काकू, मला काय झालंय? लेकच आहे मी तिची."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "हो म्हणायचं होतंस." मी तिची चादर जरा जोरातच ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर आई गेलेली.

हो म्हटलं असतं तर ती राहिली असती? नाही. मग खुपतं ते काय? ती सेवा होती की माझा हट्ट? वर्ष झालं, मला समजत नाही. कीर्तनकारानं असं म्हणू नये, पण नाही समजत!

आता तुमचं सांगा. घरी कुणाला तरी भरवून, औषध देऊन, घड्याळाकडे बघत इथे बसलेल्या किती जणी आहात? 'मी काय वेगळं करते' म्हणता ना? मीही तेच म्हणत होते. बाई गं, करणारी तूच आहेस. शेजारी बसलीय तिला सांग. आज, इथून उठायच्या आत.

अवघड आहे, ठाऊक आहे. मी आधी सांगते. काका, पेटी थांबवा जरा.

कुमुदकाकू, माझा गळा बसला नव्हता. मी दमले होते हो. तुम्ही यायला हव्या होतात मला.