नवव्या रकान्यातील उत्तर

निवृत्त ओव्हरसियर विमा कचेरीच्या बाकावर बसून आपला अर्ज, आयुष्यभराच्या शिस्तीप्रमाणे, आधी पेन्सिलीने भरत होते. शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी दुसऱ्या अर्जावर वाकली होती.

“बाबा, रकाना नऊ. वाहन चालवताना केलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का?”

“नाही, असं लिही.”

“दारू पिऊन गाडी चालवलीत म्हणून वर्षभर लायसन्स गेलं होतं ना?”

“हळू बोल! तू माझी मुलगी आहेस की सरकारी वकील? मीच होय लिहून पायावर धोंडा मारून घेऊ? गाडीचा विमा नाही मिळाला तर तुझ्या आईला डायलिसिसला कसं न्यायचं?”

“वर्षभर टॅक्सीनेच नेतोय की.”

“आणि परतताना तिला उलटी झाली की ती ड्रायव्हरची माफी मागत बसते. मला बघवत नाही गं.”

“मलाही नाही बघवत.”

“त्या दिवसापासून थेंबाला शिवलो नाही मी.”

“ठाऊक आहे, बाबा. पण या रकान्यात ते विचारलेलं नाही.”

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबा नवव्या रकान्यात काय लिहितात ते मला येऊन सांग. मग गाडीत बसायचं की नाही ते ठरवते.”

गृहस्थांनी अर्ज मुलीकडून आपल्याकडे ओढून घेतला. ओव्हरसियरांनी न विचारताच आपली पेन्सिल पुढे केली.

“पेन्सिल नको, साहेब,” गृहस्थ म्हणाले. “पेन असेल तर द्या.”